पालकांची रात्रशाळा

तिसरी ब चा मुलांचा वर्ग सकाळी नऊला भरतो. पालकांचा भरतो रात्री साडेनऊला. मुलांच्या वर्गात हजेरी घेतात, तरी रोज दोन-चार जण दांडी मारतात. पालकांच्या वर्गात हजेरी नाही, बेल नाही, बाकं नाहीत, तरी जेवणं उरकली, ओटा पुसला, दुधाला विरजण लावलं की घरोघरचे आईबाप मोबाइल घेऊन टेकतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पहिला प्रश्न पडतो : "उद्या काय काय न्यायचंय?"

हा प्रश्न कुणाला सोपा वाटत असेल तर त्याने आमच्या ग्रुपवर एक रात्र काढावी. पहिलं उत्तर येतं, "मीही हेच विचारणार होते." दुसरं, "सेम हिअर." तिसरं, "आमचा काही सांगतच नाही." चौथं उत्तर म्हणजे नुसते जोडलेले हात, ते प्रश्नकर्त्याला जोडलेत की परमेश्वराला, हे कळत नाही. मग कुठे विसाव्या-बाविसाव्या निरोपाला एक सज्जन बाई लिहितात, "घोटीव कागद, फेव्हिकॉल, जुनं वर्तमानपत्र." त्याखाली आभारांची रांग लागते. थँक यू, थँक्स डिअर, धन्यवाद ताई, फुलांचा गुच्छ, पुन्हा जोडलेले हात. या रांगेत मूळ उत्तर इतकं वर ढकललं जातं की दहा मिनिटांनी भांडी आटपून आलेली एक आई विचारते, "उद्या काय काय न्यायचंय?"

आमच्या लहानपणी ही सोय नव्हती. मुलगा कितवीत आहे हे वडिलांना जूनमध्ये वह्यांना खाकी कव्हरं घालताना कळायचं आणि १ मेला निकालपत्रक पाहताना पुन्हा एकदा कळायचं. मधल्या काळात शाळा जाणे आणि मूल जाणे. आता मुलामागे अख्खं घर शाळेत जातं. मिस फळ्यावर सूचना लिहितात, मूल ती डायरीत उतरवायला घेतं, तेवढ्यात बेल होते, व्हॅनकाका हॉर्न मारतात आणि घरी जो पुरावा येतो तो एवढाच असतो : ‘बुधवारी पां’. आता या ‘पां’वरून आईबापांनी तपास करायचा. पांढरा शर्ट, पांढरे बूट, पांढरा चार्ट पेपर, की पांडवांपैकी कुणी? मुलाला विचारलं तर "मिसने सांगितलंय ते आणायचंय" असं स्वच्छ उत्तर मिळतं. मग ‘पां’चा फोटो ग्रुपवर पडतो आणि इतर घरांतून आणखी पुरावे येतात. एकाच्या डायरीत ‘पांढ’ आहे. दुसरीच्या डायरीत ‘बूट’ आहे, पण वार नाही. तिसऱ्याने त्या पानावर फक्त डायनासोर काढलाय. चार डायऱ्या जुळवल्या की एक वाक्य तयार होतं आणि पुढची चर्चा बूट पॉलिशवर सुरू होते.

असे ग्रुप आधीही होते. पण मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, वर्ग मोबाइलवर भरू लागले आणि ग्रुपवाचून कुणाचं पान हलेना. पुढे शाळा उघडल्या, मुलं बाकांवर परत गेली, पालक मात्र मोबाइलवरच राहिले. आमचा ग्रुप बालवाडीत सुरू झाला आणि मुलांबरोबर दरवर्षी वरच्या वर्गात ढकलला जात तिसरीत आला. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपात १०२४ माणसं मावतात. आम्ही आई, बाबा, एका मुलीचे आजोबा आणि शाळा सोडून बंगळुरूला गेलेल्या एका मुलाची आई (‘राहू दे ना मला, इथे करमत नाही’) धरून शंभराच्या घरात आहोत. अजून बरीच जागा आहे, हे कुणी बोलून दाखवत नाही.

या वर्गात कुणालाच स्वतःचं नाव नाही. जिच्या सहीसाठी बँकेत माणसं ताटकळत बसतात ती इथे शौर्यची आई आहे. कोर्टात अर्धा तास सलग बोलणारे वकील इथे विहानचे बाबा आहेत. वर्गात अर्णव तीन असल्यामुळे त्यांच्या मातांना आद्याक्षरं लावावी लागली आहेत. भाजीवाल्यापाशी गर्दीत "अहो अर्णव पीची आई!" अशी हाक ऐकू येते, आणि त्या वळून "हो, बोला ना" म्हणतात. दोघींची चार वर्षांची घट्ट मैत्री आहे, मुलांच्या गोवरापासून सासऱ्यांच्या मोतीबिंदूपर्यंत सगळं एकमेकींना ठाऊक आहे. नाव मात्र विचारायचं राहून गेलं आणि आता विचारायची लाज वाटते.

शिवाय ग्रुप एकच असतो असं नाही. शाळेचा अधिकृत ग्रुप वेगळा. तिथे फक्त शाळा बोलते. फक्त अ‍ॅडमिनने बोलावं ही सोय व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ मध्ये आणली, ती आमच्या शाळेइतकी कुणालाच आवडली नसेल. शाळा तिथे जे बोलते त्याचा अर्थ लावायला पालकांचा दुसरा ग्रुप. त्यात मिस नाहीत. पालकांच्या ग्रुपात जे बोलता येत नाही त्यासाठी फक्त आयांचा तिसरा. व्हॅनचा चौथा. कुणाचा वाढदिवस आला की त्याच्या आईला वगळून भेटवस्तूसाठी पाचवा. तो वाढदिवसानंतर मोडायचा असतो, पण मोडत नाही, फक्त पुढच्या वाढदिवसाला एक आई काढून दुसरी घालतात. आणि ‘बाबा लोक’ नावाचा सहावा. तो क्रिकेटचं टर्फ बुक करायला काढला होता. "रविवारी कोण कोण?" असा त्यावर एक निरोप आला, चार अंगठे आले आणि मग तो ग्रुप समाधिस्थ झाला.

मुख्य ग्रुपचे अ‍ॅडमिन विहानचे बाबा. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निकाल दिला, की एखाद्या सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला तर केवळ तो अ‍ॅडमिन आहे म्हणून अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येणार नाही. त्या निकालाची बातमी विहानच्या बाबांनी वर पिन करून ठेवली आहे, आणि खाली नियम लिहिले आहेत. सुप्रभात नको. राजकारण नको. फॉरवर्ड नको. साड्या, पापड आणि विमा विकू नये. या नियमांवर एकमताने टाळ्या पडल्या आणि त्याच संध्याकाळी एकीने विचारलं, "चकलीची भाजणी कुणाला हवी आहे का? विकत नाहीये, खर्चापुरते घेतेय." विहानच्या बाबांनी अर्धा किलो सांगितली.

चुकीच्या ग्रुपात निरोप जाणं हा सगळ्यांच्याच नशिबी येणारा योग. कबीरच्या बाबांनी एका बुधवारी दूधवाल्यासाठी बोललेला निरोप इथे टाकला : "दादा, रविवारी दोन लिटर जादा टाका, पाहुणे आहेत. आणि मागच्या वेळेसारखं पाणी नको." शाळेचा निरोप न ऐकताच होकार द्यायची सवय लागलेल्या सात-आठ पालकांनी "ओके", "नोटेड" असं कळवलं. एका आईने विचारलं, "ऑप्शनल आहे का कम्पल्सरी?" कबीरच्या बाबांना याचा पत्ता लागला तो रविवारी सकाळी, पाहुणे चहासाठी बसले आणि दूध नेहमीइतकंच आलं तेव्हा. व्हॉट्सअ‍ॅप निरोप सगळ्यांकडून पुसायला अडीच दिवस देतं. ती मुदत केव्हाच टळली होती.

सरकारी निर्णय आले की ग्रुपला उधाण येतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने सांगितलं, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, कारण लहान मुलांची झोप पुरी होत नाही. हा निर्णय ग्रुपवर रात्री साडेअकराला आला. नोकरीवर वेळेत पोचायचं कसं, व्हॅनची दुसरी फेरी परवडणार का, संध्याकाळचा कराटेचा क्लास कुठे ढकलायचा, यावर रात्री एक वाजेपर्यंत काथ्याकूट झाला. झोप पुरी होण्याविषयी एवढं जागरण आमच्या घरात आधी कधी झालं नव्हतं.

पावसाळ्यात तर विचारू नका. २५ जुलै २०२४ ला पुण्यात पावसाने दाणादाण उडवली, खडकवासल्याचं पाणी सोडलं, सिंहगड रस्त्याला एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं आणि शाळांना सुट्टी जाहीर झाली. तेव्हापासून आभाळ भरून आलं की ग्रुपला जिल्हाधिकारी आठवतात. रात्री दहाच्या सुमाराला सुट्टीचा आदेश येतो. सही खरी, शिक्का खरा, जिल्हा दुसरा. तो रायगडचा आहे हे कुणीतरी दाखवून देईपर्यंत दोन घरांत गजर बंद झालेले असतात. मग आणखी एक आदेश येतो. तो पुण्याचाच असतो, फक्त वर्ष वेगळं. शेवटी विहानचे बाबा लिहितात, "अधिकृत सूचना येईपर्यंत शाळा आहे असं समजून डबे करावेत." उच्च न्यायालयाच्या निकालाखालोखाल या वाक्याला ग्रुपात मान आहे.

आजोबांविषयी सांगायलाच हवं. अन्वीचे आईवडील दोघंही आयटीत, म्हणून ग्रुपवर आजोबा. वीजमंडळातून निवृत्त. "सर्व पालकांस सप्रेम नमस्कार" असं लिहून एक ओळ मोकळी सोडल्याशिवाय त्यांचा निरोप सुरू होत नाही आणि पूर्णविराम दिल्याशिवाय संपत नाही. आमची शाळा इंग्रजी माध्यमाची. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे ग्रुपवर पाटण्याचे, हैदराबादचे, इंदूरचे पालक रात्री हवालदिल होऊन फिरत असतात. आणि खरं सांगायचं तर पुण्यातल्याच कर्वेनगरचे पालकही त्यांच्यापेक्षा फारसे सुस्थितीत नसतात. ‘माझे आजोळ’ हा निबंध घरून लिहून आणायचा होता तेव्हा सगळ्यांनी आजोबांना साकडं घातलं. आजोबांनी संथ लयीत निबंध बोलून पाठवला. दुसऱ्या दिवशी तिसरी ब मधल्या नऊ मुलांचं आजोळ गुहागरजवळ निघालं. नवांच्याही अंगणात फणस, नवांच्याही गोठ्यात कपिला गाय आणि नवांचेही मामा बैलगाडी घेऊन स्टँडवर आलेले. त्यात पाटण्याचा एक, हैदराबादच्या दोघी. मिसने प्रत्येकाच्या वहीत लाल शाईने एकच शेरा दिला : ‘मामांना नमस्कार सांगणे.’

दुखण्याखुपण्याला ग्रुपवर स्वराच्या आई आहेत. त्या दंतवैद्य आहेत. जुलाबापासून नखुरड्यापर्यंत सगळं त्यांना विचारतात. त्या आधी लिहितात, "मी दातांची डॉक्टर आहे," आणि मग सांगतात, कारण त्यांनी सांगितलं नाही तर दुसरं कुणीतरी ओव्याची पुरचुंडी, उगाळलेलं जायफळ आणि एका मावसबहिणीचा अनुभव सांगणार हे त्यांना माहीत असतं. एकदा रात्री एका आईने विचारलं, "माझ्या एका मैत्रिणीच्या मुलीच्या केसांत उवा झाल्यात. काय करावं?" दोन मिनिटं शांतता. मग दुसरी म्हणाली, "माझ्याही एका मैत्रिणीला हाच प्रॉब्लेम आहे." बघता बघता मैत्रिणींची संख्या वाढली. एकीने कडुनिंबाचा पाला सांगितला, दुसरीने खोबरेल तेलात कापूर, तिसरीने सीताफळाच्या बियांची पूड. तेव्हा स्वराच्या आई पुढे झाल्या. मी दातांची डॉक्टर आहे, पण सीताफळाच्या बिया अजिबात वापरू नका, पूड डोळ्यांत गेली तर डोळ्यांना इजा होते. ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. घाणीशी तिचा संबंध नाही, स्वच्छ केसांतही होते. औषध एकदा लावून भागत नाही, लिखा उरतात, म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा लावा, ओल्या केसांतून बारीक फणी फिरवा, आणि घरातल्या सगळ्यांची डोकी बघा, बाबांचंसुद्धा. त्या रात्री तिसरी ब मधल्या एकाही मुलीला उवा नव्हत्या. दुसऱ्या दिवशी शाळेजवळच्या मेडिकलमध्ये उवांचं औषध संपलं होतं.

परीक्षा हा नाजूक विषय. पहिलीपासून आकारिक मूल्यमापन आहे, मार्कांची स्पर्धा नको असं सगळ्यांचं मत आहे, आणि ‘कुणाला किती?’ हे जाणून घेतल्याशिवाय कुणालाच झोप नाही. उघड विचारायचं नसतं. "पेपर जरा लांब होता ना?" याचा अर्थ, तुमच्याचा पूर्ण झाला का? "आमचीने खूप सिली मिस्टेक्स केल्या" म्हणजे चाळीसपैकी अडतीस. "आम्ही मार्कांकडे बघतच नाही" म्हणजे चाळीसपैकी चाळीस. खरोखर ज्याला कमी पडलेत त्याची आई इमोजीसुद्धा टाकत नाही.

फीवरून भांडण होतं ते दणदणीत. महाराष्ट्रात शुल्क नियमनाचा २०११ चा कायदा आहे. प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ हवा, आणि त्याच्या कार्यकारी समितीत फीच्या प्रस्तावावर चर्चा व्हायला हवी. विहानच्या बाबांनी हे कलमवार समजावून सांगितलं आणि ग्रुप पेटला. आपण एकजूट दाखवली पाहिजे. आता नाही तर कधीच नाही. मग त्यांनी लिहिलं, "समितीतले पालक इच्छुकांमधून सोडतीने निवडतात. इच्छुकांनी आपली नावं खाली द्यावीत." त्याखाली जी शांतता पसरली तशी ग्रुपच्या इतिहासात दुसरी नाही. सगळ्यांनी वाचलंय हे सांगणाऱ्या निळ्या खुणा तेवढ्या चमकत राहिल्या. शेवटी नाव दिलं इराच्या आईने.

या इराच्या आईची ओळख करून द्यायची राहिली, कारण त्या बोलत नाहीत. चर्चेत नाहीत, भांडणात नाहीत, आभाराच्या रांगेत नाहीत. रोज संध्याकाळी साडेपाचला त्या डायरीच्या पानाचा फोटो टाकतात. इराचं अक्षर मोत्यासारखं आहे आणि तिला बेल व्हायच्या आत लिहून पुरं करता येतं. हा फोटो ग्रुपवर असूनही रात्री साडेनऊला ‘उद्या काय न्यायचंय’ का विचारतात, याचं उत्तर ग्रुपचा स्वभाव हेच आहे. कुणी विचारलं की त्या काही न लिहिता तोच फोटो पुन्हा टाकतात.

एका गुरुवारी मात्र फोटोने भागणार नव्हतं. शाळेच्या ग्रुपवर रात्री पावणेदहाला सूचना आली : उद्या परिसर अभ्यासासाठी प्रत्येकाने वाटीभर मोड आलेली कडधान्यं आणावीत. कडधान्य रात्रभर भिजत घालायचं, सकाळी उपसून फडक्यात बांधायचं आणि मग पुन्हा रात्र काढायची, तेव्हा कुठे मोड दिसतात. हे शाळेला ठाऊक नसावं, किंवा शाळेने ते आदल्या आठवड्यात मुलांना सांगितलेलं असावं. दुसरी शक्यता जास्त. ग्रुपवर हाहाकार झाला. गरम पाण्यात घातले तर? कुकरवर फडकं टाकून ठेवले तर? एका बाबांनी मायक्रोवेव्हचा पर्याय मांडला, त्यांना त्यांच्याच बायकोने ग्रुपवर गप्प केलं. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या अ‍ॅपवर मोडाच्या मुगाचं एक पाकीट शिल्लक होतं, ते तिघांनी एकदम मागवलं. आणि तेवढ्यात इराच्या आईने चक्क शब्द लिहिले : "माझ्याकडे मटकी आहे. सासूबाईंना उद्या मिसळ करायची होती. या घेऊन जा."

पुढचा पाऊण तास त्यांच्या सोसायटीच्या फाटकावर स्कूटर येत होत्या. फाटकावरचे वॉचमन शिस्तीचे. रजिस्टरमध्ये नाव, फ्लॅट नंबर, गाडीचा नंबर आणि भेटीचं कारण लिहिल्याशिवाय आत सोडत नाहीत. त्या पानावर आजही ओळीने अकरा नोंदी आहेत आणि कारणाच्या रकान्यात अकराही ठिकाणी ‘मटकी’ लिहिलेलं आहे. सातव्या नोंदीनंतर वॉचमननी वर फोन लावून विचारलं, "म्याडम, दुकान टाकलंय काय?" वर दारात इराची आजी पातेलं घेऊन खुर्चीवर बसली होती. प्रत्येकाच्या डब्यात एक वाटी मटकी, वर थोडी जास्तीची, आणि प्रत्येक बापाला एकच प्रश्न : "पोराला घरी कधी उसळ खायला घालता का, का नुसती शाळेतच न्यायची?" अर्णव पीचे बाबा डबा आणायला विसरले होते. त्यांनी हेल्मेट पुढे केलं. आजीने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की ते मुकाट्याने खाली जाऊन गाडीच्या डिकीतून पिशवी घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी मिस रजेवर होत्या. मटकी डब्यातून परत आली आणि त्या रात्री अकरा घरांत उसळ झाली.

ही झाली गंमत. पण मागच्या सप्टेंबरात शौर्यच्या आईला डेंगी झाला. प्लेटलेट्स उतरत गेल्या, आणि रात्री अकराला शौर्यच्या बाबांनी त्या समाधिस्थ ‘बाबा लोक’ ग्रुपवर एक ओळ टाकली : "ओ पॉझिटिव्ह डोनर हवा आहे, प्लेटलेट्ससाठी, आत्ता." मुख्य ग्रुपवर ती बातमी पोचली तेव्हा तिथे जे व्हायचं तेच झालं. पपईच्या पानांचा रस. किवी. ड्रॅगन फ्रूट. ‘आमच्या नणंदेच्या वेळी’ने सुरू होणारे सात निरोप. जोडलेले हात इतके, की मोजू नयेत. कबीरच्या बाबांनी शेळीच्या दुधाचा सव्वाचार मिनिटांचा व्हिडिओ टाकला. स्वराच्या आईंनी लिहिलं, "मी दातांची डॉक्टर आहे, पण कृपा करून त्यांना यातलं काहीही पाठवू नका."

मीही तेव्हा वैतागलो. लोकांना वेळकाळ कळत नाही असं बायकोजवळ बोललोसुद्धा. रक्तगट माझाही ओ पॉझिटिव्ह, म्हणून निघालो. रक्तपेढीत पोचलो तर बाकावर माझ्या आधी तिघं बसलेले. एक विहानचे बाबा. एक पाटण्याचे, ज्यांच्या मुलाचं आजोळ गुहागरला आहे. आणि तिसरे, बाही कोपरापर्यंत दुमडून, कबीरचे बाबा. एकाच दात्याकडून मशीनवर प्लेटलेट्स काढून घ्यायला तास-दीड तास लागतो. आधी रक्त तपासतात, शिरा बघतात, डोकेदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन घेतलं होतं का ते विचारतात. निवड कबीरच्या बाबांची झाली. पहाटे दोनला ते यंत्राला जोडलेले होते आणि मोकळ्या हाताने ग्रुपवर शेळीच्या दुधाविषयीच्या शंकांचं निरसन करत होते.

पुढे पंधरा दिवस शौर्यचा डबा ठरवून चार घरांतून गेला. सोमवार-मंगळवार अर्णव के, बुधवार इरा, गुरुवार अन्वी, शुक्रवार आम्ही. व्हॅनकाकांनी डब्यांची अदलाबदल चोख सांभाळली. गणिताच्या वहीचे फोटो साडेपाचला येत राहिले. शौर्यची आई घरी आली, पहिल्याच दिवशी उत्साहाने उठून डबा करायला लागली, तर शौर्य म्हणाला, "आई, तू बरी झालीस ते छान झालं, पण बुधवारचा डबा चालू ठेवूया का?"

त्यानंतर मी या ग्रुपकडे बघून नाक मुरडणं सोडून दिलं. नको ते व्हिडिओ टाकणारी माणसं वेगळी आणि अडीनडीला धावून येणारी वेगळी असती, तर सोपं होतं. पहिल्यांना काढून दुसऱ्यांचा ग्रुप केला असता. पण ती एकच माणसं आहेत. रात्री अकराला कुणाचा दरवाजा वाजवायला संकोच वाटत नाही, तो याच माणसांबरोबर चार वर्षं ‘पां’ म्हणजे काय यावर डोकं फोडलेलं असतं म्हणून. ज्यांचं नावसुद्धा माहीत नाही त्यांच्या घरची मटकी हक्काने मागता येते, ती रोजच्या निरर्थक गप्पांमुळेच. कामापुरतंच बोलायचं ठरवलं असतं तर कामाच्या वेळी कुणाशी बोलायचं हेच कळलं नसतं.

तेव्हा पालकहो, ग्रुप म्यूट करा, खुशाल करा, सगळेच करतात. पण सोडून जाऊ नका. प्रश्न तिसऱ्यांदा आला तरी उत्तर द्या. समितीसाठी नाव द्या. सल्ला एकदाच द्या, डबा दोनदा द्या. आणि मूल आजारी असलेल्या घरी अभ्यासाचा फोटो पाठवाल तेव्हा पान उजेडात धरा, सरळ धरा, आणि तुमचा अंगठा शेवटच्या दोन गणितांवर ठेवू नका.